कालव्याचे शेवटचे शेत

(मंडळाच्या गोत्री येथील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून छापत आहोत.)



कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय ‘नर्मदेचे पाणी आणि आपण’ असा छापला आहे. तो वाचून दोघा-तिघांनी दारातच अडवले. म्हणाले, आपण दांडिया बाजार आणि सियाबाग सोडून गोत्रीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली माणसे. सकाळी नळ येतो, टाकी भरते. आपला आणि कालव्याचा संबंध काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तरही येथूनच सुरू करतो. या सभागृहातून सेवासीच्या बाजूने पुढे निघालात आणि अंकोडिया-शेरखीकडे गेलात, की नर्मदेचा कालवा आडवा येतो. आपल्यातले कितीतरी जण रविवारी सकाळी त्याच्या काठाने फिरायला जातात. हा कालवा खणला तो शेतीसाठी. त्याच्या आजूबाजूला तेव्हा कापूस, तूर आणि एरंडी दिसायची. आज बंगले, पार्टी-प्लॉट आणि ‘बुकिंग चालू’चे फलक दिसतात. गोत्री गाव तर शहरात कधीच विरघळले. सेवासी आणि भायली २०२० साली महापालिकेत आली. म्हणजे ज्या जमिनीच्या नावाने पाणी मोजले, त्यातल्या बऱ्याच जमिनीवर आता पार्किंग आहे. मग त्या जमिनीच्या वाट्याचे पाणी कोणाचे? हा प्रश्न आपल्या दाराशी आहे आणि आपण तो कधी विचारला नाही. आज तो विचारायला आम्ही उभे आहोत.

थोडे मागे जाऊ. आपल्या घराघरांत छप्पनियाची आठवण आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० सालचा दुष्काळ. तेव्हाच्या गोष्टी आपल्या आज्यांनी गुजरातीत ऐकल्या आणि आपल्याला मराठीत सांगितल्या. आजव्याचा तलाव त्याआधीच झाला होता, पण तो शहराच्या पिण्यासाठी. शेताला त्याचा उपयोग नव्हता. दुष्काळानंतर दहा वर्षांत बडोदे सरकारने डभोई तालुक्यात जे काम उभे केले, त्याची आठवण मात्र आपल्या घरांतून पुसली गेली आहे. ओरसंग नदीवर जोजवा येथे बंधारा घातला, तिथून कालवा काढला आणि नदीचे पाणी वढवाण्याच्या तलावात आणून साठवले. साल १९१०च्या सुमारचे. पंचवीस गावांच्या शेतीला ते पाणी मिळावे, असा हिशोब होता. २०२१ साली या वढवाणा तलावाची रामसर यादीत नोंद झाली. थंडीत तिथे लाखाने पक्षी उतरतात आणि आपली मुले कॅमेरे घेऊन जातात. पक्ष्यांसाठी जरूर जावे. पण तो मुळात पाटबंधाऱ्याचा तलाव आहे. तो सयाजीरावांच्या सरकारने दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवून बांधला, हे मुलांच्या कानावर घालायला हवे.

आता अमरेलीकडे वळू. बडोदे संस्थान म्हणजे केवळ बडोदे शहर नव्हते. कडी, नवसारी, ओखामंडळ आणि सौराष्ट्राच्या मधोमध अमरेली प्रांत, असे तुकड्यातुकड्यांचे ते राज्य होते. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची बदली अमरेलीला झालेली असणार. मामलेदार, मुन्सफ, शाळातपासणीस, कारकून. ‘अमरेलीला टाकले’ म्हणजे शिक्षा झाली, असे तेव्हा म्हणत. कारण पाणी नाही. सौराष्ट्राच्या पठाराचा बराचसा भाग दख्खनच्याच काळ्या पाषाणाचा. मराठवाड्यात जो दगड, तोच अमरेलीत. वरची माती पातळ, खालच्या दगडात पाणी मुरायला जागा कमी. शेत्रुंजी, भादर या नद्या पावसाळ्यात धावतात आणि पुढे वाळूच दाखवतात. विहीर कितीही खोल नेली तरी दगड संपत नाही.

अमरेलीबद्दल आपण एक गोष्ट अभिमानाने सांगतो. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ साली सुरू केला, तो अमरेली तालुक्यातल्या काही खेड्यांत. मग १९०६ साली तो सबंध राज्याला लागू झाला. राजधानीच्या पोळांत शाळा भरपूर होत्या, तिथून सुरुवात करणे सोपे होते. त्यांनी राज्याच्या टोकाचा, पाण्यावाचूनचा प्रांत निवडला. पाण्याच्या वाटपातही हाच क्रम असावा, असे आमचे म्हणणे आहे. ते पुढे येईलच.

त्यासाठी कालवा चालतो कसा, हे दोन मिनिटांत पाहून घेऊ. आपल्यात निवृत्त इंजिनियर बरेच आहेत. त्यांनी सांभाळून घ्यावे.

सरदार सरोवराच्या पायाचा दगड पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवला. धरण पूर्ण उंचीचे होऊन त्याचे लोकार्पण झाले १७ सप्टेंबर २०१७ रोजी. मधल्या छप्पन वर्षांत काय काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पूर्ण भरले की पाण्याची पातळी १३८.६८ मीटर. तिथून निघणारा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर धावत राजस्थानच्या हद्दीला जातो आणि पुढे जालोर-बाडमेरकडे. उगमाशी तो इतका मोठा, की सेकंदाला चाळीस हजार घनफूट पाणी वाहून नेऊ शकतो. राजस्थानच्या हद्दीवर त्याची क्षमता अडीच हजार घनफूट उरते. आणि उतार? बारा हजार फुटांना एक फूट. एवढ्याशा उतारावर नदीइतके पाणी पाचशे किलोमीटर न्यायचे, ही बांधणाऱ्यांची कमाल आहे. ती मान्य करायलाच हवी.

पण याच उताराचा दुसरा अर्थ असा, की पाण्याच्या पातळीत टीचभर जरी फरक पडला तरी पुढच्या फाट्यात पाणी चढत नाही. मुख्य कालव्यातून शाखा कालवे, शाखेतून वितरिका, वितरिकेतून मायनर, मायनरमधून सब-मायनर आणि तिथून शेतचारी. सगळे जाळे साठ-सत्तर हजार किलोमीटरचे आखलेले. सुमारे अठरा लाख हेक्टर जमीन त्याखाली यावी अशी योजना. सुरुवातीच्या शेतकऱ्याने गेटशी पंप लावला, किंवा रात्री फळी उचलली, की खालची पातळी बसते. खालच्या गावात चारी बांधलेली असते, कागदावर पाळी असते, पाणी मात्र नसते. तो शेतकरी दोन हंगाम वाट पाहतो. मग चारीत माती साचते, बाभळी उगवतात आणि तिसऱ्या वर्षी शेजारी ती नांगरून आपल्या शेतात घेतो. एकदा नांगरली की तिथे कालवा होता, हे दाखवायलाही काही उरत नाही.

मुख्य कालवा २००८ साली राजस्थानच्या हद्दीला भिडला. फोटो आले, फटाके वाजले. लहान चाऱ्यांचे काम मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे चालूच राहिले. सब-मायनरसाठी प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन लागते आणि ती द्यायला कोणी राजी नसतो. म्हणून पुढे जमिनीखालून नळ टाकायचे धोरण आले. त्याने बराच फरक पडला. पण नळ असो की उघडी चारी, सुरुवातीचा आणि शेवटचा यांच्यातली ओढाताण तीच.

आणि सुरुवातीचे कोण? आपण. नर्मदा आणि मही यांच्या मधला पट्टा पहिल्या टप्प्यात होता. वडोदरा, डभोई, पादरा, वाघोडिया. पाणी आधी आपल्याकडे आले, चाऱ्याही आधी आपल्याकडे झाल्या. मूळ आखणीत पाणी पातळ पसरायचे होते. थोडे-थोडे, पण फार जमिनीला. पिकाचा जीव वाचावा, दुष्काळात घर तरावे, एवढ्यापुरते. ऊस आणि केळी काठोकाठ पाण्यात उभी करावीत, असा तो हिशोब नव्हता. इकडे पाणी हाताशी आले आणि पीक बदलले. शेतकऱ्याला दोष देत नाही. दारात पाणी असेल तर कोणीही तेच करील. पण आपल्यापैकी काही जणांच्या वडिलोपार्जित जमिनी पादरा-डभोईकडे आहेत, अर्धेलीने दिलेल्या आहेत. त्या शेतात इंजिन कोठे लावलेले आहे, ते पाहून यावे. कालव्यातच पाइप सोडलेला दिसला तर ‘ते भागीदाराचे काम, आम्हाला काय माहीत’ म्हणून सुटता येणार नाही. सातबाऱ्यावर नाव आपले आहे.

आपल्या पुढे सौराष्ट्र आहे. तिथे पाणी आपल्या पायाने जात नाही, कारण ते पठार कालव्याच्या पातळीच्या वर आहे. सौराष्ट्र शाखेवर पाच पंपिंग स्टेशने बांधून ते टप्प्याटप्प्याने उचलावे लागते. त्याशिवाय २०१२ साली सौनी योजना जाहीर झाली. नर्मदेच्या पुराचे दहा लाख एकर-फूट पाणी चार मोठ्या जलवाहिन्यांनी नेऊन सौराष्ट्रातली ११५ धरणे भरायची. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ऑगस्ट २०१६ मध्ये झाले. कच्छ शाखा तर ३५७ किलोमीटरची. ती मांडवीजवळच्या मोडकुब्यापर्यंत पोचली २०२२ साली. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी कालव्यात उतरून पाण्याला हात जोडले. आपण टीव्हीवर पाहिले आणि आपल्याला बरे वाटले. खरेच बरे वाटण्यासारखे होते.

पण पाणी कमी पडते तेव्हा काय होते? २०१७च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात पाऊस कमी झाला. गुजरातच्या वाट्याला नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पाणी आले. सरकारने सांगून टाकले, की उन्हाळी पेरणी करू नका, मार्चनंतर शेतीला पाणी मिळणार नाही. आपल्या शहरात नळाला महीचे येते, आजव्याचे येते, नर्मदेच्या कालव्याचेही येते. २०१८चा तो उन्हाळा गोत्रीत कोणाला आठवतो का? शेतकऱ्याला आठवतो. पिण्याचे पाणी आधी, हे न्यायाचेच आहे. सोसायटीच्या लॉनला आणि गाडी धुवायला मात्र कोणत्याही निवाड्यात पहिला क्रम दिलेला नाही.

आता नाजूक जागेवर येतो. नर्मदेच्या प्रश्नावर आपल्या समाजाने तोंड बंद ठेवले, याला कारण आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही ऑफिसात, बँकेत, नाक्यावर ‘तुमच्या त्या मेधाबेन’ म्हणून टोमणे ऐकलेले येथे कितीतरी जण बसले आहेत. पाटकर आडनाव मराठी, बाबा आमटे मराठी, तेव्हा प्रत्येक मराठी माणूस धरणविरोधी, असा सरळ हिशोब होता. पिलाजीरावांच्या मागोमाग आलेल्या, तीनशे वर्षे येथे रुजलेल्या घरांना ‘तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?’ असे विचारले गेले. काहींनी मोठ्याने ‘धरण झालेच पाहिजे’ म्हणून सोडवून घेतले, काहींनी विषयच टाळला. तो काळच तसा होता. पण आता धरणावर बाजू घेण्याचा प्रश्न उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० रोजी लागला, धरण पूर्ण झाले, पाणी आले. जुन्या धाकाने आजही गप्प बसायचे काही कारण नाही. आता प्रश्न वाटपाचा आहे, आणि त्यावर बोलायला सर्वांत मोकळे आपणच आहोत. कारण दोन्ही राज्यांतले कागद आपल्याला वाचता येतात.

महाराष्ट्रातले उदाहरण याच कारणासाठी देतो. पैठणचे जायकवाडी, नाथसागर. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. मराठवाड्याच्या कोरड्या पठारासाठी गोदावरी अडवली. उपयुक्त साठा शहात्तर टीएमसीहून थोडा अधिक. डावा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब, थेट परभणीकडे. त्या वेळी लोकांना वाटले, आता दुष्काळ गेला. झाले काय? वर नाशिक-नगरमध्ये एकापाठोपाठ धरणे झाली आणि खाली सुरुवातीच्या पट्ट्यात उसाने पाणी धरून ठेवले. पावसाने डोळे वटारले की पठाराला वरूनही नाही आणि कालव्यातूनही नाही. २००५ साली कायदा करून पाणी नियमन प्राधिकरण नेमावे लागले. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत पासष्ट टक्क्यांच्या खाली साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ती समन्यायी वाटपाची चौकट उचलून धरली. तरीही २०२३ साली ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा पुन्हा मोर्चे, पुन्हा कोर्ट. आपल्याकडे हे भांडण अजून तितके पेटलेले नाही. पेटायच्या आधीच वाटपाची रीत बसवता येते. नंतर पोलीस बंदोबस्तात गेट उघडावी लागतात.

रीत बसवता येते, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातला वाघाड प्रकल्प. कालव्याचे शेवटचे टोक ओझरकडे. तिथल्या शेतकऱ्यांना कालवा होऊनही पाणी दिसत नव्हते. १९९०च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या शेवटच्या शेतकऱ्यांना एकत्र केले. महात्मा फुले, बाणगंगा, जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था निघाल्या. त्यांनी सरकारकडे मागणी केली, की आम्हाला पाणी मोजून द्या, पट्टी आम्ही गोळा करू, आत वाटप आम्ही करू. टोकाला पाणी पोचले तसे मधल्या गावांनाही पटले. पुढे सगळ्या प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्यांच्या महासंघाने कालव्याचा कारभार हाती घेतला. सुरुवात शेवटच्या माणसांनी केली, म्हणून हे झाले. सुरुवातीच्या गावांना संस्था काढायची गरजच काय होती? त्यांना पाणी मिळतच होते.

गुजरातेतही पियत मंडळ्या आहेत, २००७चा कायदा आहे. काही मंडळ्या चांगल्या चालतात. बऱ्याच ठिकाणी फलक आणि शिक्का एवढेच आहे. पाणी मोजून द्यायचे, आवर्तनाचे वेळापत्रक गावात लावायचे आणि वाटप शेवटच्या शेतापासून सुरू करून वर यायचे, या तीन गोष्टी झाल्याशिवाय मंडळीला अर्थ नाही. शेवटच्याची पाळी आधी असेल तर वरचा फळी उचलायला कचरतो, कारण खालची माणसे चारीवर उभी असतात. इतके साधे आहे.

आणि आता ज्यांच्यासाठी आम्ही हे भाषण मागून घेतले, त्यांच्याविषयी.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बुडिताखाली आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके, आजचा नंदुरबार जिल्हा. सगळी आदिवासी गावे. त्यांतले पहिले मणिबेली. तिथली काही कुटुंबे गुजरातेत, तेव्हा अखंड असलेल्या वडोदरा जिल्ह्यात परवेट्याला आली. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या बुडीत गावांतलीही हजारो माणसे डभोई, वाघोडिया, संखेड्याच्या वसाहतींत बसवली गेली. आपण तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आलो, ही माणसे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ट्रकमधून आली. महाराष्ट्रातून बडोद्याकडे आलेली ही सर्वांत अलीकडची वस्ती. आपल्या मंडळाच्या सभासदसूचीत, गणेशोत्सवाच्या पत्रिकेत, कोठेही त्यांचे नाव नाही. त्यांची घरची बोली भिलोरी किंवा पावरी, आपली वेगळी. ते आपल्यासारखे नाहीत, हे खरे. पण जनगणनेत आपण आपला आकडा मोठा करून सांगतो तेव्हा ‘मूळचे महाराष्ट्रातले’ म्हणून सगळेच मोजतो. मग घरी बोलावताना का गाळतो?

मागच्या हिवाळ्यात आम्ही सात जण डभोईकडच्या एका वसाहतीत गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, तिथल्या मंडळींनी तशी विनंती केली आहे. वसाहतीच्या कुंपणापासून मायनर चाळीस पावलांवर आहे. वाहताना दिसतो, आवाज येतो. पण शेते मायनरच्या तोंडापेक्षा हातभर उंच. पाणी चढत नाही. डिझेल इंजिन लावून उचलायचे तर पैसा लागतो. एक वृद्ध गृहस्थ आमच्याशी मराठीत बोलले. म्हणाले, “आमच्या नदीचं पाणी आहे दादा, पण ते आम्हाला ओळखत नाही.” मग त्यांनी घरातून पत्र्याची पेटी आणली. पेटीत जुने दाखले, मतदार यादीची प्रत, वनजमिनीच्या पावत्या. सगळे मराठीत. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी ते घेऊन कोठे गेले तर समोरच्याला वाचता येत नाही, भाषांतर करून आणा म्हणतात. भाषांतर कोण करणार? गावात कोणी नाही. आपल्या मंडळात मराठी-गुजराती दोन्ही लिहिणारे, मोडीसुद्धा वाचणारे निवृत्त कारकून डझनावारी आहेत.

या माणसांसाठी दया नको. कागद पाहा. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ सालचा. त्यात लिहिले आहे, की ज्या कुटुंबाची चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर ओलिताखाली येणारी जमीन द्यावी आणि सिंचनाची सोय त्या राज्याने करावी जिथे जमीन दिली आहे. म्हणजे गुजरातने. गुजरातला नर्मदेचे नव्वद लाख एकर-फूट पाणी ज्या कागदाने मिळाले, त्याच कागदात हेही आहे. एका पानावरचा हक्क घ्यायचा आणि दुसऱ्या पानावरचे देणे ठेवायचे, हे आपल्या घरच्या व्यवहारात कोणी चालवून घेईल का?

आणि हा निवाडा आता जुना होत आला आहे. एकूण २८० लाख एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशला १८२.५, गुजरातला ९०, राजस्थानला ५ आणि महाराष्ट्राला २.५ लाख. या वाटपाचा ४५ वर्षांनंतर केव्हाही फेरविचार होऊ शकतो, असे निवाड्यातच म्हटले आहे. ती ४५ वर्षे डिसेंबर २०२४ मध्ये पुरी झाली. आज ना उद्या सगळी राज्ये आपापले आकडे घेऊन बसणार. ‘तुम्हाला दिलेले पाणी तुम्ही कोठे वापरले?’ असे गुजरातला विचारले जाईल. त्या वेळी दाखवायला कच्छचे, अमरेलीचे, वसाहतींचे हिरवे शेत पाहिजे. गोत्रीची हिरवळ दाखवून चालणार नाही. आणि महाराष्ट्राचे अडीच लाख एकर-फूट अक्कलकुवा-अक्राणीच्याच डोंगरात मुरावे, दुसरीकडे जाऊ नये, हेही म्हणणारा कोणीतरी हवा. नंदुरबारचे लोक म्हणतीलच. आपणही इकडून म्हणावे.

निवडणूक आली की उमेदवार आपल्याकडे येतात. या भागात मराठी मते किती, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ते गटाराचे विचारतात, रस्त्याचे विचारतात, गणपतीच्या मंडपाला परवानगी देतात, फेटा बांधून घेतात आणि जातात. पक्ष कोणताही असो, या वेळी त्यांच्यापुढे कागद ठेवावा असे आमचे म्हणणे आहे. महापालिकेच्या हद्दीत येऊन बिनशेती झालेली लाभक्षेत्रातली जमीन किती आणि तिच्या वाट्याचे पाणी कोणत्या खात्यावर जमा झाले, हे जाहीर व्हावे. ते पाणी शेवटच्या गावांच्या नावे लिहिले जावे. वसाहतींच्या उंचावरच्या शेतांना पाणी उचलण्याची सोय सरकारी खर्चाने व्हावी. आवर्तनाचे वेळापत्रक शेवटच्या शेतापासून सुरू व्हावे. अध्यक्षांनी यातला शब्द इकडचा तिकडे करायचा तर करावा, पण कागद गुळमुळीत करू नये.

हे राजकारण झाले, मंडळाने यात पडू नये, असेही कोणी म्हणेल. मंडळाच्या पत्रकावर आपणच ‘राजकीय व सामाजिक’ असे छापतो. शिवाय पाणी कोठे वळवायचे यापेक्षा जुने राजकारण या देशात दुसरे नाही.

बाकी कामाचे बोलतो. आवेदनाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवला आहे, गुजराती आणि मराठी दोन्हींत. वाचून सही करावी, न वाचता करू नये. ज्यांची जमीन पादरा, डभोई, वाघोडिया किंवा करजणकडे आहे त्यांनी सातबारा आणि आठ-अची झेरॉक्स पुढच्या महिन्याच्या बैठकीला आणावी. कोणत्या मायनरवर आहे आणि पाळी मिळते का, एवढे मागे पेन्सिलीने लिहावे. कागद वाचून भाषांतर करायला आतापर्यंत चार जणांनी नावे दिली आहेत, अजून सहा हवेत. महिन्यातून एक रविवार, जायची-यायची गाडी मंडळाची. पहिली खेप वसाहतीत जाऊन येताना वढवाण्यावरून परतेल. तलावाच्या काठी पोळी-भाजी घरचीच आणायची आहे. पत्र्याच्या पेट्या उघडायच्या आहेत, तेव्हा ज्यांचा चष्मा वाचायचा वेगळा आहे त्यांनी तो विसरू नये.